सॅक भरताना



२५ एप्रिल २०१५ च्या नेपाळमधल्या भूकंपानंतर आम्ही ११ जण १० दिवसांसाठी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात वैद्यकीय शिबिराला गेलो होतो. तिथे काय केलं, हे सगळेच विचारतात. मी आज सामान कसं बांधलं, ते सांगते.

कपडे दोन जोड. बाकी सॅकमध्ये औषधं. लोक प्रेमानं घरात उरलेल्या गोळ्या आणून देत. त्या आम्ही हात जोडून परत केल्या. दान दिलेल्या औषधाची मुदत तिथे पोहोचल्यावर किमान एक वर्ष शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नाहीतर आपलं दान म्हणजे त्यांच्या दारात कचरा. तंबू, शिधा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्याही आमच्याच. ज्यांचं घर पडलंय, त्यांच्या ताटात वाटेकरी व्हायचं नाही.

सगळ्यात हलकी वस्तू म्हणजे गोळ्यांची कागदी पाकिटं. नेपाळीची लिपीही देवनागरीच. निघण्याआधी आम्ही त्यांवर ‘बिहान’, ‘दिउँसो’, ‘बेलुका’ असं लिहून ठेवलं. म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ. डोस चुकला तर औषधाचंच विष होतं. आम्ही परतल्यावरही घरातलं शाळकरी पोर ते आजीला वाचून दाखवू शकत होतं.

बाई, तुम्ही रोज एक पान शुद्धलेखन लिहून घ्यायचात. ते अक्षर तिथे उपयोगी पडलं.