खोट्या खबरीची किंमत

(मालवण येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजच्या विषयाची सुरुवात याच गावापासून करायला हवी. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला. त्या रात्री भंगाराचा धंदा करणाऱ्या एका मुस्लिम कुटुंबाविरुद्ध मालवण पोलिसांत तक्रार गेली. त्यांच्या मुलाने देशविरोधी घोषणा दिल्या, असं तिचं म्हणणं. आईवडिलांना अटक झाली, अल्पवयीन मुलालाही ताब्यात घेतलं गेलं. दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेने त्यांचं दुकान अनधिकृत म्हणून पाडलं. बांधकाम पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला दिलेला होता. त्याचा अवमान झाला, या अर्जावर मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने नोटीस काढली.

त्या तक्रारीत तथ्य किती, हे न्यायालय ठरवील. मी ते ठरवायला उभा नाही. मला अस्वस्थ करतो तो वेग. एका माणसाच्या शब्दावर पोलीस ठाणं हललं, अटक झाली आणि दिवस उलटायच्या आत जेसीबी आला. शब्द खरा निघाला तर शिक्षा द्यायला कायदा आहे. खोटा निघाला, तर ज्याचं दुकान गेलं, ज्याचं पोर पोलीस ठाणं बघून आलं, त्याला कोण काय देणार?

आता तर शब्द टाकणं फारच सोपं झालंय. ११२ फिरवला की पोलिसांची गाडी निघते. ही सोय हवीच. रात्री एकट्या राहणाऱ्या म्हातारीला, मार खाणाऱ्या बाईला तो एक आकडा आधार आहे. पण आपल्या किनाऱ्यावर संशय कुणावर जातो ते पाहा. देवगडच्या आंब्याच्या बागा राखणारा नेपाळी, ट्रॉलरवरचा परप्रांतीय खलाशी, चादरी विकत फिरणारा फेरीवाला, दारी भिक्षा मागायला आलेला गोसावी. यांतला एखादा चोर असू शकतो, जसा आपल्या वाडीतलाही असू शकतो. वाडीतल्या माणसाबद्दल मात्र आपण आधी चौकशी करतो आणि मग फोन उचलतो.

असल्या संशयाचं टोक महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर जगणारे. तिथे अफवेने पोलिसांची वाटही पाहिली नाही. पण अफवा जमावाकडे जावो की ठाण्याकडे, तिच्या मुळाशी असते ती एकच समजूत: हे लोक असेच असतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच समजूत सरकारी कागदावर उतरवली होती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ ज्यांनी वाचलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको, की कागद फाटला तरी ठाण्यातली नजर बदलली नाही.

ही नजर फक्त आपल्याकडचीच नाही. २५ मे २०२० ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ पक्षीनिरीक्षण करत होते. एका गोऱ्या बाईंचं कुत्रं मोकळं होतं. इथे कुत्र्याला बांधून ठेवायचा नियम आहे, असं कूपर यांनी सांगितलं. बाईंनी पोलिसांना फोन लावला आणि एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस माझ्या जिवावर उठलाय, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. कूपर यांनी ते सारं मोबाइलवर टिपलं, म्हणून जगाला कळलं. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: वंश, धर्म अशा कारणांवरून एखाद्यावर विनाकारण पोलीस बोलावले, तर त्याला फोन करणाऱ्यावर भरपाईचा दिवाणी दावा लावता येईल. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने तसाच नियम केला आणि भरपाई किमान एक हजार डॉलर ठेवली. ओरेगॉन राज्याने तर आदल्याच वर्षी अडीचशे डॉलरपर्यंतचा छोटा दावा लावायची वाट मोकळी केली होती. कूपर यांनी स्वतः त्या बाईंवरच्या फौजदारी खटल्याला साथ दिली नाही. बाईंना पुरेशी शिक्षा झाली, असं त्यांचं मत होतं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. अशा माणसाला समोरचा तुरुंगात जायला हवाच असतो असं नाही. आपलं नुकसान कुणीतरी मान्य करावं, हे मात्र हवं असतं.

याबाबतीत अमेरिकेच्या तीस वर्षं आधी आपण पाऊल टाकलं होतं, हे आपल्याला ठाऊकच नसतं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातच लिहिलं आहे की, लोकसेवकाला खोटी किंवा क्षुल्लक माहिती देऊन अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्रास देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना गावगाडा माहीत होता. खबर हेही हत्यार असतं हे त्यांनी ओळखलं होतं. पण या कलमाची चर्चा मी क्वचितच ऐकतो. आणि त्याचं छत्र डवरी गोसाव्यावर नाही, भंगारवाल्या मुसलमानावर नाही, नेपाळी राखणदारावरही नाही.

मग बाकीच्यांसाठी काय? भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ आहे. लोकसेवकाला खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. पण ती फिर्याद संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी करायची, ज्याला भोगावं लागलं त्याने नव्हे. जो फौजदार त्या खबरीवर धावला, तोच आपण फसलो असं लिहून देईल, ही अपेक्षा आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा जुन्या काळापासून आहे. पोलिसांना जाणूनबुजून खोटं सांगून कामाला लावणारा स्वतः जबाबदार ठरू शकतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०८ मध्येच गयाप्रसाद विरुद्ध भगतसिंग या खटल्यात मान्य केलं. पण त्यासाठी आधी निर्दोष सुटायचं, सुटल्यापासून एका वर्षात दावा दाखल करायचा, वकील आणि कोर्ट फी उभी करायची. पालावर राहणाऱ्या माणसाला हे कसं जमावं?

आणि आता ते कलम, ज्यासाठी मी आज बोलायला आलो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९९. पुरेसं कारण नसताना एखाद्याने दुसऱ्याला पोलिसांकरवी अटक करवली, असं दंडाधिकाऱ्याला वाटलं, तर तो अटक करवणाऱ्याकडून भरपाई देववू शकतो. वेगळा दावा नको, वर्षानुवर्षांची वाट नको. नेमकं हवं तेच. रक्कम किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये. पूर्वी ती शंभर होती, २००५ च्या दुरुस्तीने हजार झाली. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे नव्याने लागू झाले, कलमांचे क्रमांक बदलले, हा आकडा जागचा हलला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत हजार डॉलर ही भरपाईची सुरुवात आहे, आपल्याकडे हजार रुपये ही तिची कमाल.

खोट्या आरोपाने माणसाचं काय जातं, याचा हिशेब आपल्याच न्यायालयाने एकदा मांडला आहे. महाराष्ट्रातल्या २००३ च्या एका गुन्ह्याच्या खटल्यात भटक्या जमातींतल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली होती. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितलं. त्यांना तिथवर नेलं ते पोलीस तपासाने, कुणा शेजाऱ्याच्या फोनने नव्हे. पण अशा माणसांचं नुकसान पैशात मोजता येतं आणि मोजायला हवं, हे त्या निकालाने मान्य केलं.

इथे एक धोका आहे आणि तो मी हलका मानत नाही. खोट्या तक्रारीला दंड म्हटलं की पहिला बळी खरी तक्रार करणारा दुबळा ठरू शकतो. कराडच्या एका महाविद्यालयातून निघालेल्या प्रकरणात २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गैरवापराची भीती दाखवून अत्याचार कायद्यालाच अटी घातल्या. देशभर संताप उसळला, संसदेला दुरुस्ती करावी लागली आणि न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला त्या अटी मागे घेतल्या. तेव्हा हे स्पष्ट हवं: आरोप सिद्ध झाला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. घाबरून, प्रामाणिकपणे चुकलेल्या माणसाला दंड नको. दोन गोष्टी सिद्ध व्हाव्यात. कारण नव्हतं हे सांगणाऱ्याला माहीत होतं, आणि समोरच्याची जात, धर्म वा प्रांत पाहून त्याने पोलीस बोलावले. पुरावा बहुतेक वेळा फोनमध्येच सापडेल. ११२ वरचं संभाषण ध्वनिमुद्रित होतं. ‘कुलूप तोडताना पाहिलं’ आणि ‘पारधी दिसतायत, बघा जरा’ या दोन वाक्यांतला फरक कुठल्याही दंडाधिकाऱ्याला कळेल.

माझी मागणी छोटी आहे. कलम ३९९ मधली मर्यादा निदान एका माणसाची बुडालेली मजुरी, वकील आणि मोडलेला माल भरून निघेल इतकी करा. खबर द्वेषातून दिली असेल तर किमान रक्कम ठरवून द्या. अटक झाली नाही, नुसतं रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं, तरी हे कलम लागू करा. आणि ध्वनिमुद्रणाची प्रत त्या माणसाला मागितल्यावर मिळू द्या. यासाठी नवं न्यायालय लागत नाही, नवं खातंही लागत नाही.

हा कायदा दुरुस्त करणं संसदेच्या हाती आहे, आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्यालाही ते करता येतं. आपले आमदार-खासदार याच बाजारपेठेतून मतं मागत फिरतात. पुढच्या वेळी ते दारात आले की रस्त्याबरोबर, पाण्याबरोबर हेही विचारा: कलम ३९९ मधला हजाराचा आकडा कधी बदलणार?