गोंदियाचे मनोहरभाई
(शताब्दी सोहळ्यात सानगडी येथे केलेले भाषण)

 

ज्यांनी शंभर वर्षं ही दिंडी चालवली, त्यांची नावं आधीच्या वक्त्यांनी घेतली. आमच्याकडं जे नाव आलं ते दिंडीच्या वहीत नाही. गोंदियाचे मनोहरभाई पटेल.

खरं सांगतो, बैठकीत यावर वाद झाला. एक जण म्हणाले, ते बिडीच्या धंद्यातले, आणि आपण तर माळ घालताना बिडी सोडायला लावतो. आम्हीही त्याच बाजूनं बोललो. घरी येऊन लेकीला सांगितलं, तर ती म्हणते, "बाबा, आजी काय वळत होती?"

आमच्यानं उत्तर झालं नाही. आमची माय बिड्या वळायची. रोवणी आटोपली की सुपात तेंदूची पानं, तंबाखू, कैची, धागा घेऊन ओसरीवर बसायची ते दिवा लागेपर्यंत. आमची पाटी-लेखण त्याच पैशाची. आपल्या जिल्ह्यात अशी किती घरं होती हे इथं बसलेल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. आम्ही कीर्तनात बिडी सोडा म्हणून सांगतो, पुढंही सांगू. पण त्या मिठाला नाही म्हणता येत नाही.

मनोहरभाई मूळचे गुजरातेतल्या नडियादचे. जन्म १९०६ चा. गोंदियाला आले आणि इथलेच झाले. नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, आमदार झाले. पदं पुष्कळांना मिळतात, त्यात आम्ही जात नाही. स्वतः फार शिकलेले नव्हते, ही गोष्ट मात्र आमच्यासारख्या चौथीवाल्याला लागते. माणसाला आपल्यात जे कमी आहे ते दुसऱ्यालाही नसावं असं वाटू शकतं. त्यांना उलटं वाटलं. १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि धानाच्या या मुलखात हायस्कुलं, कॉलेजं उभी केली. तेव्हा गोंदिया आपल्या भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १९९९ ला झाला. त्याआधी पोट्टं पुढं शिकवायचं म्हणजे नागपूरचा रस्ता, आणि तो कोणाच्या ऐपतीचा? इटियाडोहच्या धरणासाठीही ते झटले असं जुनी माणसं सांगतात. लाखांदूरकडच्या मंडळींनो, तुमच्या बांधीत येणारं पाणी त्याच धरणाचं.

ते गेले १९७० साली. आम्ही तेव्हा चौथीत होतो. त्याच साली आमची शाळा सुटली, पण त्याचा दोष कोणाला नाही, घरचा बैल मेला होता आणि बापाला हात पाहिजे होता.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. मंडपात खोटं बोलू नये. कॉलेजात पोरी बिघडतात असं आम्ही कीर्तनात बोलत होतो, लोक माना डोलवत होते. लेक बारावी झाली तेव्हा स्थळ पाहून ठेवलं होतं. आमच्या घरधनिणीनं दोन दिवस चूल पेटवली नाही. मग पोरगी यष्टीनं साकोलीच्या मनोहरभाई पटेल महाविद्यालयात जाऊ लागली. मराठी विषय घेतला. एका संध्याकाळी आम्ही ज्ञानेश्वरी घेऊन उद्याच्या कीर्तनाची तयारी करत होतो, तर भीत भीत म्हणते, "बाबा, या शब्दाचा अर्थ तसा नाही." राग आला. पोथी आपटली नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी आमच्या गुरुबंधूंना विचारलं, ते हसले. वीस वर्षं आम्ही त्या ओवीचा अर्थ चुकीचा सांगत होतो, आणि या मंडपातल्या कितीतरी जणांनी तो ऐकलेला आहे. त्यांची आज माफी मागतो.

मनोहरभाई संसारी माणूस होते, घरदार, लेकरंबाळं असलेले. ते गेले तेव्हा मुलगा प्रफुल्लभाई तेरा वर्षांचा होता. पुढं तो दिल्लीत मंत्री झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं लक्ष दुसरीकडं जातं. बाप अर्ध्यावर गेला की घरात वाटण्या होतात, बापानं काढलेलं बंद पडतं, हे आपण गावोगावी पाहतो. त्या घरानं बापाची संस्था बंद पडू दिली नाही. दरसाल ९ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, गोंदियात हुशार पोरापोरींना सोन्याची पदकं देतात. राजकारणात कोणाचं पटो न पटो, तो विषय इथला नाही.

बैठकीत आम्ही विरोधात बोललो होतो, ते बोलणं आज सगळ्यांसमोर मागं घेतो. हे भाषण आम्ही बोललो आणि लेकीनं लिहून काढलं. छापताना जे शब्द तिनं सुधारले ते तसेच राहू द्यावे.

पंगत मांडून झाली आहे. बोला, पुंडलिक वरदा हारी विठ्ठल!