दुबळे हृदय आणि पेशींचा उपचार

गिरगावातील खोताच्या वाडीत अनेक जुन्या घरांचे लाकडी जिने बाहेरच्या अंगाने वर जातात. असा जिना चढताना घरातील वडीलधाऱ्या माणसास मध्येच कठडा धरून थांबावे लागू लागले, रात्री दोन उशा घेतल्यावाचून झोप येईना, संध्याकाळी पावलांवर सूज दिसू लागली, की घरची मंडळी ‘आता वय झाले’ असे म्हणून मोकळी होतात. पुष्कळदा तो वयाचा दोष नसतो, हृदयाचा स्नायू दुबळा झालेला असतो. डॉक्टर यास ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. या शब्दाने लोक विनाकारण घाबरतात. हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नव्हे. हृदय चालू असते, परंतु शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावलेली असते.

ही शक्ती पुन्हा भरून का येत नाही? हाताला झालेली जखम भरते, यकृताचा काढलेला भाग पुन्हा वाढतो. हृदयाचे तसे नाही. त्याच्या डाव्या कप्प्यात दोन ते चार अब्ज स्नायुपेशी असतात. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात रक्तवाहिनी बंद पडली, की त्यांपैकी एक अब्जापर्यंत पेशी काही तासांत मरतात आणि त्या जागी केवळ व्रण उरतो. हा व्रण भिंत सांधतो, पण आकुंचन पावत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली या प्रश्नाचा छडा मोठ्या युक्तीने लावला. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे १९५५ नंतर हवेत किरणोत्सर्गी कार्बन वाढला होता आणि तो अन्नावाटे माणसांच्या पेशींत उतरला होता. त्या कार्बनच्या प्रमाणावरून पेशीचा जन्म केव्हा झाला हे त्यांनी ताडले. पंचविसाव्या वर्षी हृदयाच्या स्नायुपेशींपैकी वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही, असे आढळले. म्हणजे निसर्गाने दार अगदीच बंद केलेले नाही, किंचित किलकिले ठेवले आहे. पेशी-उपचाराची सारी आशा या फटीतून आलेली आहे.

हृदयाच्या मेलेल्या भागास जीवदान देण्याचा विचार मुंबईला नवा नाही. वाडीपासून थोड्याच अंतरावर, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६०च्या दशकात सापाच्या हृदयाकडे लक्ष दिले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या भिंतीला कप्प्यातले रक्त थेट मिळते. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीत सुईने बारीक छिद्रे पाडली, तर कप्प्यातले रक्त उपाशी स्नायूस पोचणार नाही का? सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरील निबंध १९६५ साली अमेरिकेतील शस्त्रक्रियेच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९६८च्या फेब्रुवारीत, दक्षिण आफ्रिकेतील डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अडीच महिन्यांच्या आत, सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण सुमारे तीन तास जगला. अपयश न झाकता सेन यांनी त्याची शास्त्रीय चिकित्सा केली. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे अवयव घेण्यास कायद्याने मान्यता देणारा अधिनियम देशात आला तो १९९४ साली.

त्या छिद्रांच्या कल्पनेची पुढची हकीकत प्रत्येक पेशी-उपचाराच्या जाहिरातीशेजारी छापण्याजोगी आहे. सुईच्या जागी लेसर आला. रुग्ण म्हणू लागले, छातीतले दुखणे कमी झाले. पण नळीवाटे आतून लेसर देण्याच्या पद्धतीची पारख करताना काही रुग्णांस केवळ उपचाराचे सोंग करून लेसर दिलाच नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोन्ही गटांना जवळजवळ सारखेच बरे वाटल्याचे दिसले. रुग्ण खोटे बोलत नव्हते. मोठ्या रुग्णालयात मोठा उपचार झाला या विश्वासानेही माणसास बरे वाटते.

मूलपेशींच्या बाबतीत नेमके हेच घडले. अस्थिमज्जेतील मूलपेशी उंदराच्या जखमी हृदयात घातल्यास त्यांचा स्नायू बनतो, असा दावा २००१ साली अमेरिकेत झाला. प्राण्यांवरील पुरावा पुरता पारखला जाण्याआधीच माणसांवर प्रयोग सुरू झाले. भारतातही भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने पाच केंद्रांत २५० रुग्णांवर चाचणी झाली. झटक्यानंतर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडण्यात आल्या. २०१५ साली निष्कर्ष आला, तेव्हा सहा महिन्यांनंतरची हृदयाची शक्ती दोन्ही गटांत एकूण सारखीच होती. २०१८ साली हार्वर्ड विद्यापीठाने आपल्याच एका प्रयोगशाळेचे हृदयातील मूलपेशींविषयीचे ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस केली, कारण त्यांतील माहिती विश्वसनीय नव्हती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दात्याच्या पेशी टोचल्याने हृदयक्षीणतेमुळे वारंवार रुग्णालयात दाखल होणे टळले नाही. झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण मात्र घटलेले दिसले, म्हणून त्या दिशेचे काम चालू आहे.

टोचलेल्या पेशी बहुतांशी तेथे टिकत नाहीत, त्यांचा स्नायूही होत नाही. जो काही लाभ दिसतो तो त्या पेशी जे रसायनरूपी निरोप सोडतात त्यांचा असावा, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात.

दुसरा मार्ग अधिक कष्टाचा, पण अधिक सरळ आहे. हृदयाचा स्नायू प्रयोगशाळेतच तयार करून मग हृदयावर लावायचा. जपानच्या यामानाका यांनी २००६ साली उंदराची आणि २००७ साली माणसाची साधी पेशी मूलावस्थेत परत नेली. २०१२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेशींपासून घडविलेली स्नायूची पातळ चकती ओसाका विद्यापीठात २०२० साली प्रथमच एका रुग्णाच्या हृदयावर बसविण्यात आली. जर्मनीतील गटाने २०२५ साली माकडांवरील प्रयोग आणि एका महिला रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तिला नंतर दुसरे हृदय मिळाले, तेव्हा काढलेल्या जुन्या हृदयावर लावलेला स्नायू जिवंत आढळला. परळच्याच राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत ‘काइंड’ नावाच्या मानवी मूलपेशींच्या दोन मालिका तयार झाल्या आणि त्यांपैकी एकीपासून हृदयाच्या पूर्वपेशी घडविण्याचे काम झाले. अडचणी मात्र लहान नाहीत. नवा स्नायू जुन्याच्या ठेक्यात न धडकल्यास ठोक्यांची लय बिघडते. परक्या पेशी शरीराने टाकून देऊ नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. एखादी पेशी अपक्व राहिली तर गाठ होण्याची भीती असते.

तेव्हा आज हा उपचार प्रयोगाच्या अवस्थेत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठराविक रोगांतील अस्थिमज्जा-प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्य चाचणीबाहेर करणे अनैतिक आहे. अशा चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. चाचणीची नोंद राष्ट्रीय चाचणी-नोंदवहीत असावी लागते आणि ती कोणासही पाहता येते. गावात एखादे कुटुंब दागिने मोडून, जमीन गहाण टाकून ‘मूलपेशींची सुई’ घेण्यासाठी शहराकडे निघाले असेल, तर सरपंचाने, शिक्षकाने नोंदणी क्रमांक विचारावा. लाखांचे दरपत्रक हाती आणि क्रमांक नाही, असे असेल तर तो व्यापार समजावा. अशा घरांतील हताशपणा खरा असतो आणि त्यावरच हा व्यापार चालतो.

हताश होण्याचे मात्र कारण नाही. हृदयाचा भार कमी करणारी औषधे आज चार प्रकारची आहेत. त्यांतील एक गोळी मूळची मधुमेहासाठी निघाली. मधुमेह नसलेल्या दुबळ्या हृदयासही ती उपकारक असल्याचे २०१९ साली सिद्ध झाले. ही औषधे एकत्र व नेमाने घेतल्यास आयुष्य वाढते. याबाबतचा पुरावा हजारो रुग्णांचा आहे. बरे वाटू लागताच ती बंद करण्याची सवय फार घातक आहे. बंद झालेल्या रक्तवाहिनीसाठी अँजिओप्लास्टी व बायपास महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट आहेत, याची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल. लोणचे, पापड आणि सुके बोंबील यांतील मीठ शरीरात पाणी साठविते, हे कोकणी घरांत विशेष सांगावे लागते. रोज सकाळी, लघवीस जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, वजन करून ते वहीत लिहावे. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती चरबी नसून साठलेले पाणी असते, आणि दम लागण्याची वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.