बांधाचे भांडण आणि लोकअदालत



बांध कोरला म्हणून भाऊ भावाशी बोलेना. प्रकरण कोर्टात गेले. तारखेमागून तारीख पडते. रोज बुडतो, एसटीचे भाडे लागते, ते वेगळेच. वीतभर बांधापायी एकरभर रान विकायची पाळी येते.

यावर एक वाट आहे, लोकअदालत. १९८७ च्या कायद्याने तिच्या निकालाला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकेच वजन दिले. ती कोर्टातच भरते, जिल्ह्याला आणि तालुक्यालाही. न्यायाधीश बसतात, वकील मंडळी दोन्हीकडच्यांना समजावतात. दोघे राजी झाले तरच निकाल; जबरदस्ती नाही. कोर्टात भरलेली फी परत मिळते. मात्र त्या निकालावर अपील नाही! म्हणून सही करण्याआधी कागद सगळा वाचा. आता तुम्हाला वाचता येते, मग अंगठा कशाला?

आयाबायांनो, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिची कमाई किती, हे पाहत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींनाही तसेच. अर्ज विधी सेवा समितीकडे करायचा. १५१०० या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते.

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा भरते. पुढची तारीख कोर्टात विचारा, आणि आपले प्रकरण तीत ठेवायला वकिलाला आधीच सांगा.