दरबारी चित्ता



वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून मी एका लुप्त झालेल्या प्राण्याविषयी बोलणार आहे. विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या संस्थानांच्या आश्रयाने आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज परमुलुखात स्थिरावले, त्यांच्याच वैभवाशी तो निगडित आहे.

प्रथम एक खुलासा. आपल्याकडे बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतात. बिबट्याच्या अंगावर पोकळ वलये असतात. चित्त्याचे ठिपके भरीव, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत अश्रूंच्या ओघळासारखी काळी रेघ. तो डरकाळी फोडीत नाही, आणि पकडल्यावर काही महिन्यांत माणसाळतो. या सौम्य स्वभावानेच त्याचा घात केला.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे १२ व्या शतकात, चित्त्याकरवी केलेल्या मृगयेचे वर्णन आहे. पुढे हा मोगलांचा, आणि नंतर बडोदे-कोल्हापूरसारख्या संस्थानांचा मानाचा खेळ झाला. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्यास आले, तेव्हा पाहुणचारात हाही खेळ होता. डोळ्यांवर झापड घातलेला चित्ता बैलगाडीतून काळविटांच्या कळपाजवळ नेत. गाडीला सरावलेले हरीण बुजत नसे. झापड काढताच चित्ता झेपावे आणि काही क्षणांत निकाल लागे. मग चित्तेवान लाकडी पळीतून त्याला शिकारीचे रक्त पाजून पुन्हा डोळे बांधीत असे.

आता यातील मर्म पाहा. पिल्लू पाळून उपयोग नसे. शिकार आईकडून शिकलेला मोठा चित्ताच रानातून धरून आणावा लागे. आणि बंदिवासात तो वीत नसे. अकबराने हजार चित्ते बाळगल्याचे जहांगीराने लिहून ठेवले आहे. त्याच्या आठवणींत बंदिवासातील विणीची एकच हकिगत येते, पिल्ले तीन. म्हणजे दरबारात आलेला प्रत्येक चित्ता रानाला कायमचा उणा झाला. त्यात गवताळ माळ नांगराखाली गेले, काळवीट घटले, आणि इंग्रज अमलात त्याला मारण्यास बक्षिसेही लागली. प्रेमाने सांभाळणाऱ्यांचा दोष मला यात अधिक वाटतो. बक्षिसासाठी मारणाऱ्याने निदान आपण त्याचे चाहते असल्याचे म्हटले नव्हते.

विसाव्या शतकात कोल्हापूर दरबारला आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. ज्या देशाच्या ‘चित्रक’ शब्दातून इंग्रजांनी त्याचे नाव उचलले, त्याच देशाने तो समुद्रापलीकडून मागवावा!

१९४७ मध्ये कोरियाचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले. १९५२ साली हा प्राणी भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते कुनोत उतरले. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. कुनोचे रान पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातलेच. काही चित्ते दगावले, काहींना तेथे पिल्लेही झाली. मात्र हे पाहुणे आफ्रिकेचे. आपल्या माळांवरचा तो आशियाई चित्ता आता फक्त इराणात, अगदी थोडका उरला आहे.