चोखणी सुटते तेव्हा

मुलाचे अंगावरचे दूध बंद होते, त्याला मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत. एक आई सांगते, "दूध तोडले". दुसरी सांगते, "दूध सुटले". तोडण्यात कर्तेपण आईचे असते. सुटण्यात ते मुलाचे असते, किंवा नुसते काळाचे. दोन्ही घरी घडलेली गोष्ट एकच, तथापि दोन्ही घरांतील त्या आठवड्यातल्या रात्री सारख्या गेलेल्या नसतात.

दुधाच्या बाबतीत आज्या-मावश्यांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. चोखणी ही त्या मानाने मध्यमवर्गीय मराठी घरातील नवी पाहुणी. कुणी तिला निपल म्हणतात. इंदूर-दिल्लीकडे राहणाऱ्या मराठी घरांतून ती चुसनी या नावाने येते. मूल तीन आठवड्यांचे असताना, पहाटे तीन वाजता, थकलेल्या आई-बापांनी तिचे स्वागत केलेले असते. पुढे मूल दोन वर्षांचे होते, चालू-बोलू लागते, आणि एखादा पाहुणा सर्वांदेखत विचारतो, "एवढा मोठा झाला, अजून तोंडात हे?" त्या प्रश्नाने आई ओशाळते, वडील त्याच रात्री निश्चय करतात, आणि दुसऱ्या दिवशी घरात युद्धास तोंड लागते. पाहुणा तोवर आपल्या गावी पोहोचलेला असतो.

चोखणे ही मुळातच वाईट खोड आहे, असे समजून आरंभ केला तर पुढची वाट चुकते. मूल गर्भात असतानाच अंगठा तोंडात घालते. सोनोग्राफीच्या पडद्यावर हे आता आई-बाप स्वतः पाहतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भावस्थेच्या चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्यापूर्वी जन्मलेल्या मुलांना नळीने दूध द्यावे लागते, आणि अशा मुलांना चोखावयास काही दिल्यास ती नळीवरून तोंडाने पिण्याकडे लवकर वळतात, असे दिसून आले आहे. याचा अर्थ असा की भुकेसाठी चोखणे निराळे आणि शांत होण्यासाठी चोखणे निराळे. पोट भरलेले मूलही चोखते. जग फार मोठे, फार उजेडाचे, फार आवाजाचे वाटू लागले म्हणजे स्वतःला आवरून धरण्याचे हे एकच साधन त्याच्यापाशी असते. मोठी माणसे अशा वेळी सुपारी कातरतात, चहा टाकावयास सांगतात किंवा येरझाऱ्या घालतात.

रडणाऱ्या मुलाला निजवण्यासाठी माणसाने काय काय केले आहे, याचा इतिहास फारसा गोड नाही. युरोपात फडक्याच्या पुरचुंडीत साखर किंवा पाव बांधून ती मुलाच्या तोंडात देत. आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०६ साली रंगविलेल्या मेरी आणि बाल येशू यांच्या एका चित्रात अशीच पुरचुंडी बाळाच्या हाती दिसते. ते चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. रबरी बोंड, ते घशात जाऊ नये म्हणून मागे चकती आणि धरावयास कडी, हे आजचे रूप अमेरिकेत क्रिस्तियन माइनेके याने १९०० साली आपल्या नावे नोंदविले. त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला अफूची 'बाळागोळी' चाटवीत, आणि मूल दिवसभर गुंगीत पडून राही. त्या मातांना दोष देणे सोपे आहे. पाळणाघर नाही, रजा नाही, घरी कुणी वडीलधारे नाही. मुंबई इलाख्यात प्रसूतीच्या रजेचा कायदा झाला तो १९२९ साली. त्या गोळीच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे चोखणी किती निरुपद्रवी आहे, हे ध्यानात येते. मूल शांत व्हावे ही गरज अनेकदा मुलापेक्षा घराची असते, हेही त्याबरोबर ध्यानात यावे. दोन वर्षांच्या मुलाला चोखणीची सवय लागली, असे आपण म्हणतो. प्रवासात, पाहुण्यांपुढे, फोनवर बोलताना ती पटकन त्याच्या तोंडात सरकवण्याची सवय घरातील कितीजणांना लागली आहे, हे मोजून पाहिले तर आकडा एकाहून अधिक निघतो.

तान्हेपणी चोखणीला वैद्यकाचा सरसकट विरोध नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानासाठी जे दहा नियम सांगितले, त्यांत चोखणी देऊ नये असा स्पष्ट निषेध होता. २०१८ साली ते नियम सुधारताना मातांना तिच्या उपयोगाविषयी व धोक्यांविषयी नीट समजावून सांगावे, असा सौम्य पाठ स्वीकारला गेला. पहिल्या वर्षात झोपताना चोखणी दिली तर पाळण्यातील आकस्मिक मृत्यूचा धोका घटतो, असे आढळल्यावरून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी २००५ पासून तिची शिफारस करीत आली आहे. मात्र अंगावरचे पिणे चांगले बसल्यानंतरच. चोखणी मधात बुडवून देण्याची हौस काही घरांत दिसते, ती मात्र सर्वस्वी सोडावी. वर्षाच्या आतील मुलाला मधातून बोटुलिझम हा विषबाधेचा भयंकर विकार होऊ शकतो.

पुढे चित्र पालटते. फिनलंडमधील ऊलू येथील वैद्यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही बालआरोग्य केंद्रांतून आई-बापांना एवढेच सांगण्यात आले की सहा महिन्यांनंतर चोखणी फक्त झोप लागण्याच्या वेळी द्यावी. बाकी काही औषध नाही, उपचार नाही. त्या केंद्रांतील मुलांत कानाच्या मधल्या भागाचा दाह इतर केंद्रांतील मुलांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी आढळला. दातांचेही तसेच आहे. तीन वर्षांच्या सुमारास दुधाचे वीसही दात आलेले असतात. त्यानंतरही दिवसभर चोखणे चालू राहिले तर तोंड मिटले तरी पुढच्या दातांत फट राहू लागते आणि वरचा जबडा अरुंद होतो. कायमचे दात साधारण सहाव्या वर्षी येऊ लागतात. त्याच्या पुरेसे आधी सवय गेली तर पुढची फट पुष्कळदा आपोआप भरून येते. बोलण्याची गोष्ट तर उघडच आहे. ज्या वयात रोज नवा शब्द यावयाचा, त्या वयात तोंडाला बूच असेल तर शब्द आतच राहतात. म्हणून दुसरे व तिसरे वर्ष ही निरोपाची वेळ. घाई नाही, पण कालहरणही नाही.

आता निरोप द्यावयाचा कसा? आपल्या घरांतील रूढ उपाय सर्वांना ठाऊक आहेत. कडुनिंबाचा रस लावणे, क्विनीन लावणे, क्वचित तिखट लावणे, चोखणीचे टोक कात्रीने कापून ठेवणे, "शी, बाळ आहेस का तू?" म्हणून चारचौघांत हसणे, आणि "कावळ्याने नेली" असे सांगून मोकळे होणे. टोक कापण्यात तर प्रत्यक्ष धोका आहे, कारण कापलेल्या रबराचा तुकडा तुटून घशात अडकू शकतो. तिखटाविषयी काही बोलावयासच नको. कडवट रसाने मूल चोखणी टाकते, हे खरे आहे. परंतु मुलाच्या बाजूने पाहिले तर काय घडते? ज्या वस्तूने आजवर धीर दिला, तिनेच दगा दिला. आणि तो दगा घडवून आणणारा हात आईचा होता. कावळ्याच्या गोष्टीत त्याहून वेगळे काही नाही. अडीच वर्षांचे मूल वाटते तितके भोळे नसते. ते दोन दिवस खिडकीतून कावळ्याकडे पाहते, आणि तिसऱ्या दिवशी आईच्या चेहऱ्याकडे पाहते.

ज्या घरांत चोखणी तुटण्याऐवजी सुटते, तेथे तिचे राज्य आधी लहान केलेले असते. प्रथम ती घराबाहेर जात नाही. अंगणात, बसमध्ये, बागेत जाताना ती घरीच एका ठरलेल्या वाटीत राहते, आणि ती वाटीत ठेवण्याचे काम मुलाचे असते. पंधरा दिवसांनी ती बैठकीच्या खोलीतूनही जाते. तिचा मुक्काम फक्त अंथरुणात. "नाही" या शब्दापेक्षा "तिची जागा तिथे" हा शब्दप्रयोग मुलाला अधिक पटतो, कारण वस्तूंना जागा असतात हे त्या वयात त्याला नुकतेच उमगलेले असते. हे चालू असता घरातील सर्वांचे एकमत लागते. आई देत नाही, आजोबा हळूच देतात, अशी स्थिती असली की मूल चोखणी सोडत नाही, आजोबांकडे जावयास शिकते. आजोबांना बोल लावण्यातही अर्थ नाही. नातवंडाचे रडणे आणि गुडघ्यांचे दुखणे या दोन्ही गोष्टी त्यांना रात्री एकाच वेळी सोसवत नाहीत. त्यांना आधीच मसलतीत घेतले तर तेच आजोबा गोष्टी सांगून अर्धी लढाई जिंकून देतात.

वेळ निवडणे हेही शहाणपणाचे काम आहे. घरात पाठचे भावंड आले, मूल नुकतेच पाळणाघरात जाऊ लागले, ताप येऊन गेला, किंवा वडिलांची बदली होऊन नागपूरचे बिऱ्हाड भोपाळला किंवा बंगळुरूला हलले, अशा दिवसांत हा प्रयोग आरंभू नये. ज्याच्या पायाखालचे घरच बदलले, त्याच्या तोंडातील आधार त्याच महिन्यात काढून घेणे बरे नव्हे. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना हे विशेष सांगावेसे आहे. सामानाची यादी करताना मुलाच्या दृष्टीने सर्वांत मोठी वस्तू कोणती, याचा विचार त्या धांदलीत राहून जातो.

शेवटची पायरी रात्रीची, आणि तीच अवघड. येथे डेन्मार्कमधील एक चाल उल्लेखनीय आहे. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग येथील उद्यानात एक 'चोखणीचे झाड' आहे. त्या देशात इतर गावांतही अशी झाडे आहेत. चोखणी सोडण्याची वेळ आली की मूल आई-बापांबरोबर तेथे जाते, आपली चोखणी रंगीत फितीने फांदीला बांधते, सोबत कधी चिठ्ठीही असते, आणि परत येते. पावसात-बर्फात शेकडो चोखण्या तेथे लोंबत असतात. दिसावयास झाड मोठे सुंदर दिसत असेल असे नाही. पण त्यात दोन गोष्टी नेमक्या साधल्या आहेत. चोखणी मुलाने स्वतःच्या हाताने दिली, आणि ती कोठे आहे हे त्याला ठाऊक आहे. कावळा नाही, कात्री नाही. आपल्याकडे झाड नसले तरी डबा आहे, कोनाडा आहे. पाठच्या बाळाला देऊन टाकण्याची कल्पना मात्र टाळावी, कारण ती बाळाच्या तोंडात पाहून मागचे सारे पुन्हा उफाळून येते.

त्यानंतरच्या तीन-चार रात्री मूल रडते. हे रडणे टळत नाही, आणि टाळावयाचेही नाही. त्या वेळी जवळ बसावयाचे असते. हातात काहीतरी असलेले बरे. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी या कामी फार गुणाची असते, तिचा वास ओळखीचा असतो. डॉनल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५१ साली लंडनमध्ये वाचलेल्या निबंधात मुलांच्या अशा लाडक्या चिंध्यांचा आणि बाहुल्यांचा फार सहृदय विचार केला आहे. त्याच्या मते अशा वस्तूचा शोक होत नाही आणि तिचे विस्मरणही होत नाही. तिचा अर्थ हळूहळू विरून जातो. म्हणून गोधडीची सवय लागेल ही भीती बाळगू नये. काही मुले चोखणी सुटताच अंगठ्याकडे वळतात, ही त्याहून खरी अडचण होय. अंगठा डब्यात ठेवता येत नाही आणि झाडालाही टांगता येत नाही. हात सारखा तोंडाकडे जाऊ लागला तर त्याला मातीचे, पाण्याचे, शेंगा सोलण्याचे काम द्यावे. रागावून तो खेचू नये.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी घर झाडताना कपाटामागे एखादी विसरलेली चोखणी सापडते. आईच्या काळजात धस्स होते. मूल ती हातात घेते, उलटसुलट करून पाहते, क्षणभर तोंडातही घालते, मग बाहेर काढून बाहुलीच्या तोंडाला लावते आणि विचारते, "हिची आहे?"