दवाखान्यातून सुटी झाल्यावर
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज सिकलसेलवर बोलायचे आम्ही ठरविले, कारण हा आजार आपल्या घराघरांत येऊन बसला आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी विदर्भातील लोकांच्या रक्तातील हा दोष जगासमोर मांडला. आपल्या समाजात, आदिवासी बांधवांत आणि इतरही अनेक जातींत तो आढळतो.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. रुग्णाला भरती करतात, सलाईन लावतात, दुखणे थांबते, सुटी होते. आणि महिनाभरात तोच रुग्ण पुन्हा खाटेवर ! असे का होते ? कोणी म्हणतो नशीब, कोणी म्हणतो औषधात दम नाही. आमचे म्हणणे एवढेच की, रुग्ण कोणत्या घरात परत जातो तेही पाहा.

सुटीच्या कागदावर लिहिलेले असते : भरपूर पाणी प्या, ऊन-थंडी टाळा, जड काम करू नका, गोळ्या रोज घ्या. आता सांगा बरं, संत्र्याच्या तोडीला नाहीतर कापूस वेचायला जाणाऱ्या बाईने हे पाळावे कसे ? आपल्या मोर्शीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घरून नेलेले पाणी दुपारीच संपते. वावरात आडोसा नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात. हिवाळ्यात टिनाच्या घरात रात्र काढावी लागते. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचे. त्यासाठी अमरावतीला जायचे तर रुग्णाची आणि सोबत्याची, दोघांची मजुरी बुडते. मग दुखणे थांबले की गोळीही थांबते.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील आठ राज्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथे सिकलसेलच्या दर तीन भरतींपैकी एका भरतीनंतर रुग्णाला ३० दिवसांच्या आत पुन्हा भरती व्हावे लागले. तरुण आणि सरकारी विम्यावरचे रुग्ण यांत हे प्रमाण जास्त होते.

दुसरी गोष्ट लपवाछपवीची. पोरीचे लग्न मोडेल म्हणून आजार सांगत नाहीत. सासरी ती गोळी लपून घेते, नाहीतर सोडते. पहाटे थंड पाण्यात धुणे धुते आणि दुखायला लागले की "कामचुकार" म्हणवून घेते. बंधूंनो, लपविण्यापेक्षा लग्नाआधी दोघांचेही रक्त तपासा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक आणि निरोगी यांचे मूल रुग्ण होत नाही.

हगवणीने घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आपण ऐकली आहे. त्याची शुश्रूषा करायला कोणी नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला आंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असे संघाला समजाविले. तोच धडा आपल्या वस्तीने घ्यावा.

मग करायचे काय ? सुटी होऊन आलेल्या घरी आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी जावे, गोळ्या संपल्या का विचारावे. तपासणीच्या दिवशी सोबत जावे, त्याची लेकरे सांभाळावीत. आशाताईंना कळवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज लिहून द्यायला आपली शिकलेली मुले आहेतच. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आहे, तपासणीचा लाभ घ्या. मात्र ताप, छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूची शक्ती जाणे यापैकी काही दिसले, तर मजुरीचा विचार न करता लगेच दवाखाना गाठा.

दवाखाना आजाऱ्याला उभे करून घरी पाठवतो. त्यापुढे त्याला उभे ठेवणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.